खळं, खवणी आणि अर्धवट बसलेलं पायथन

खलबत्ता, खळं, खवणी, खसखस. संगणकाने लावून दिलेला हा क्रम वर्णमाला घोकलेल्या माणसाला लगेच खटकतो. आपल्याकडे ळ येतो ह च्या नंतर: श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. म्हणजे खळं या चौघांत सगळ्यात शेवटी हवं. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ल ला ०९३२ हा क्रमांक आहे आणि ळ ला त्याच्या लगेच पुढचा, ०९३३. पायथनला, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या एका भाषेला, साधं ‘सॉर्ट’ करायला सांगितलं की ते फक्त हे क्रमांक बघतं. त्यात क्षार हा शब्द ‘क’च्या शेवटी जाऊन बसतो आणि ज्ञाती ‘ज’च्या शेपटाला लागते.

सावंतवाडीला आमचे शाळेतले मराठीचे सर निवृत्तीनंतर शेती, स्वयंपाक आणि घरबांधणीतल्या जुन्या शब्दांचा संग्रह करतायत. गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून जमवलेले हजारो शब्द आहेत. त्यांचा कोश निघायचा तर क्रम बिनचूक हवा, कारण कोशात शब्द जागेवर सापडला नाही तर वाचणारा म्हणणार, शब्दच नाही. एवढ्या कष्टाने मिळवलेला शब्द क्रमाच्या घोळात हरवावा हे मला अजिबात पटत नव्हतं, म्हणून तांत्रिक बाजू मी अंगावर घेतली.

उपाय माहीत होता. आयसीयू नावाची एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोड, आहे. आयबीएमने ती १९९९ मध्ये मुक्त केली आणि २०१६ पासून युनिकोड कन्सोर्शियम तिची देखभाल करतं. तिच्यात निरनिराळ्या भाषांचे क्रमाचे नियम आहेत, मराठीचेही आहेत. पायथनमधून ती वापरायची तर पायआयसीयू हे पॅकेज लागतं. सरांचा लॅपटॉप उबुंटू २२.०४ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा आणि त्यात पायथन ३.१० होतं. त्या पायथनसाठी आयसीयूचं तयार पॅकेज उबुंटूच्याच भांडारात मिळतं, पॅकेजं बसवणाऱ्या ‘ॲप्ट’ या आज्ञेने एका ओळीत बसतं. तेवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायचं कारणच नव्हतं. पण कोशाची पानं पाडणारा प्रोग्रॅम आमच्या गटातल्या एका मुलाने लिहिलेला, आणि त्यात ‘बॅच्ड’ नावाचं एक फंक्शन वापरलेलं. ते पायथन ३.१२ मध्ये आलं. बाकी सगळ्यांच्या मशीनवर ३.१२ होतंच, एका लॅपटॉपसाठी प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या सांभाळायची कुणाची तयारी नव्हती.

मी गणपतीला गावी गेले त्याच्या आधीच सरांनी तिथल्या एका जाणकाराकडून ३.१२ मूळ कोडवरून बांधून बसवून घेतलं होतं. मग फोन आला.

“अगं, टर्मिनलच उघडेना. चिन्हावर टिचकी मारली की जरा गोल फिरतं आणि गप्प. बाकी सगळं चालतंय.”

“सर, तुम्ही काही करू नका. मी उद्या येते.”

“मी कशाला काय करतोय? पण पॅकेज मिळत नाही असं ते सांगत होतं, तेव्हा मी नेटचा पॅक बदलून पाहिला. तरी तेच.”

या दोन वाक्यांत दोन वेगळे बिघाड होते. ते एकमेकांपासून सुटे करणं हे पहिलं काम.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडत नसलं तरी लिनक्समध्ये दार बंद होत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं की काळा मजकुरी पडदा येतो, तिथे लॉगिन करता येतं. सरांच्या लॅपटॉपची भाषा मराठी, आणि या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, नुसते चौकोन दिसतात. म्हणून आधी त्या सत्रापुरती भाषा बदलून घेतली, ‘एलसी ऑल’ला ‘सी’ ही किंमत दिली की संदेश इंग्रजीत येतात. मराठी वापरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मग तिथूनच ‘जीनोम टर्मिनल’ चालवून पाहिलं. शेवटची ओळ आली: ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड जीआय’.

हा पायथनचा संदेश आहे, आणि टर्मिनल उघडताना तो का यावा, याच्यातच सगळं आलं. उबुंटू २२.०४ मध्ये टर्मिनल सुरू करणारी फाइल ही पायथनमधली छोटी स्क्रिप्ट असते आणि तिच्या पहिल्या ओळीत ‘यूएसआर-बिन’मधल्या पायथन-३ चा पक्का पत्ता असतो. उबुंटूची अशी कितीतरी कामं त्या एका पत्त्यावर विसंबून असतात. ‘एलएस’ने तो पत्ता उघडून पाहिला. तो ३.१० कडे जायला हवा होता, तो ‘यूएसआर-लोकल’मधल्या नव्या ३.१२ कडे वळवलेला निघाला. नव्या पायथनला ‘जीआय’ माहीत नाही, कारण ते मॉड्यूल उबुंटूने स्वतःच्या ३.१० साठी बांधलेलं. ‘ॲप्ट अपडेट’ केलं तर त्याच्याही शेवटी पायथनचं एक मॉड्यूल सापडत नाही म्हणून तक्रार येत होती. मूळ एकच.

‘नवीन पायथन बसवा आणि जुन्या जागी जोडून द्या’ हा सल्ला अनेक ठिकाणी छापलेला दिसतो, आणि तो घातक आहे. सिस्टिमचं पायथन सिस्टिमचं असतं. आपल्याला दुसरं हवं तर ते शेजारी बसवावं, त्याच्या जागेवर नव्हे. दुवा परत ३.१० कडे वळवला, ग्राफिकल पडद्यावर आले आणि टर्मिनल उघडलं. सरांचा चेहरा खुलला, पण दुसरा बिघाड तसाच होता.

तो म्हणजे ‘पॅकेज मिळत नाही’. सरांनी शेवटचा संदेश वहीत सुंदर अक्षरात उतरवून ठेवला होता: पायआयसीयूची कोणतीही आवृत्ती सापडली नाही. हा संदेश वाचून कुणाचाही समज होईल की एक तर असं पॅकेज नाही, नाही तर नेट चालत नाही. मी तीच आज्ञा पुन्हा दिली आणि पडदा वर सरकवत पहिल्या ओळीपर्यंत गेले. तिथे पिवळ्या अक्षरात होतं की या पायथनमध्ये एसएसएल मॉड्यूल, म्हणजे सुरक्षित जोडणीचा भाग, उपलब्ध नाही. त्याच्या खाली जोडणीचे पाच निष्फळ प्रयत्न, आणि त्या सगळ्याच्या तळाशी सरांनी उतरवलेली ती ओळ. पायथनच्या पॅकेजांचं भांडार एचटीटीपीएसवर असतं. एसएसएल नाही तर तिथे पोचता येत नाही, पोचता आलं नाही तर यादी रिकामी, आणि यादी रिकामी म्हणून ‘आवृत्ती सापडली नाही’. तक्रार शेवटच्या ओळीत, कारण पहिल्या ओळीत. नेटचा पॅक बिचारा निर्दोष.

पण नुकतंच बांधलेलं पायथन एसएसएलशिवाय कसं? सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधणी करताना आधी ‘कॉन्फिगर’ चालतं. मशीनवर काय आहे, काय नाही हे ते तपासतं. मग ‘मेक’ प्रत्यक्ष बांधतं. एसएसएल, एसक्यूलाइट, सीटाइप्स, बीझेड-२ अशी मॉड्यूलं पायथनच्या लेखी ऐच्छिक आहेत. त्यांना लागणाऱ्या गोष्टी मिळाल्या नाहीत तरी बांधणी थांबत नाही. ती मॉड्यूलं वगळली जातात, अखेरीस ‘या ऐच्छिक मॉड्यूलांसाठी लागणारं साहित्य मिळालं नाही’ अशी ओळ आणि खाली नावं येतात, आणि काम यशस्वी म्हणून संपतं. पायथन अगदी छोट्या यंत्रांवरही बांधता यावं म्हणून अशी मोकळीक आहे, हे मला समजतं. पण एसएसएलशिवायचं पायथन सर्वसाधारण माणसाच्या काही उपयोगाचं नाही. ते नसेल तर बांधणी थांबावी आणि नको असेल त्याने तसं स्पष्ट सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

सोर्सचं फोल्डर लॅपटॉपवर तसंच होतं, त्यामुळे तर्क करायची गरज नव्हती. ‘कॉन्फिग डॉट लॉग’ ही फाइल उघडली. कॉन्फिगरने केलेली प्रत्येक तपासणी आणि तिचा निकाल तिच्यात असतो. ‘एसएसएल डॉट एच’ अमुक फोल्डरात आहे का, नाही. तमुक फोल्डरात आहे का, नाही. आणि थोडं खाली, एसएसएल मॉड्यूल: ‘मिसिंग’. फाइल लांबलचक असते, तिच्यात ‘मिसिंग’ हा शब्द शोधत गेलं की दोन-चार मिनिटांत सगळं चित्र हाती येतं.

सर शेजारी बसून बघत होते. म्हणाले, “पण ओपन-एसएसएल तर या मशीनवर आहे.”

प्रश्न अगदी नेमका होता. डेबियन आणि उबुंटूत साधारण प्रत्येक लायब्ररीचे दोन भाग केलेले असतात. तयार प्रोग्रॅमला चालताना लागते ती डॉट एसओ फाइल एका पॅकेजात, आणि त्या लायब्ररीवर नवा प्रोग्रॅम बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली दुसऱ्या पॅकेजात, ज्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं. फेडोरात त्याच जागी ‘डेव्हेल’. सरांना मी म्हटलं, पोळी खाणाऱ्याला परात-पोळपाट लागत नाही, लाटणाऱ्याला लागतो. लॅपटॉपवर पहिला भाग होता, दुसरा नव्हता.

दुरुस्तीआधी जुनं काढणं भाग होतं. ‘मेक इन्स्टॉल’ला उलटी आज्ञा पायथनमध्ये नाही. ‘यूएसआर-लोकल’मध्ये जिथे जिथे ३.१२ पसरलं होतं तिथून ते हाताने उचललं: बिनमधलं पायथन आणि त्याची पॅकेजं बसवणारं पिप, लिबमधलं ३.१२ चं फोल्डर, त्याची स्थिर लायब्ररी, इन्क्लूडमधल्या हेडर फाइली. शेजारचं ३.१० चं फोल्डर उबुंटूचं, त्याला हात लावायचा नाही. एवढं झाल्यावर ‘पायथन-३’ म्हटलं तर बॅश, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, सांगतं, ‘यूएसआर-लोकल’मध्ये अशी फाइल नाही. ३.१० तर जागेवर आहे, मग हे काय? बॅश एकदा सापडलेल्या आज्ञेचा पत्ता लक्षात ठेवतं आणि पुन्हा शोधत नाही. ‘हॅश वजा आर’ म्हटलं की ती आठवण पुसली जाते. तसं केलं आणि ३.१० हजर झालं.

मग एकदाच बसून लागणारी सगळी डेव्ह पॅकेजं घेतली. बिल्ड-इसेन्शियल, आणि त्यासोबत लिबएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, लिबएसक्यूलाइट-३, लिबबीझेड-२, लिबएलझेडएमए, लिबरीडलाइन आणि लिबएनकर्सेस यांचे डेव्ह भाग. नुसतं एसएसएल दुरुस्त करून चाललं नसतं. सरांचे शब्द एसक्यूलाइटच्या फाइलीत साठवलेले, त्यामुळे पुढच्याच पावलावर ‘एसक्यूलाइट-३ नावाचं मॉड्यूल नाही’ म्हणून पुन्हा अडलो असतो आणि पुन्हा सगळी बांधणी आली असती.

पॅकेजं बसली की नुसतं ‘मेक’ देऊन उपयोग नसतो. काय घ्यायचं नि काय वगळायचं हा निर्णय कॉन्फिगरने आधीच घेऊन लिहून ठेवलेला असतो. म्हणून आधी ‘मेक डिस्टक्लीन’, मग नव्याने कॉन्फिगर. या खेपेला ‘प्रीफिक्स’मध्ये सरांच्या होम फोल्डरातली एक स्वतंत्र जागा दिली, ‘ऑप्ट’ नावाचं फोल्डर. सुडोचा, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराचा, संबंधच नाही, सिस्टिमच्या एकाही फाइलीला धक्का नाही. ‘एनेबल ऑप्टिमायझेशन्स’ हा पर्याय मुद्दाम वगळला. त्याने पायथन वेगवान होतं खरं, पण बांधणीच्या मधोमध पायथनच्या चाचण्या चालवून मोजमाप घेतलं जातं, आणि चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपला त्यात फार वेळ लागतो. शब्दकोशाला त्या वेगाची गरज नव्हती.

‘कॉन्फिगर’चा मजकूर सरकत असताना आम्ही दोघं पडद्याकडे टक लावून होतो. एसएसएल मॉड्यूलपुढे ‘यस’ आलं तसे सर मोठ्याने “आलं!” म्हणाले. काकू आतून विचारतात, कोण आलं?

बांधणी झाल्यावर मी एक ओळ नेहमी चालवते आणि कुणालाही तीच सांगते. नव्या पायथनला एकाच आज्ञेत एसएसएल, एसक्यूलाइट-३, सीटाइप्स, बीझेड-२, एलझेडएमए आणि रीडलाइन ‘इम्पोर्ट’ करायला लावायचं. काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला तर बांधणी पूर्ण. आवृत्तीचा आकडा छापून येणं हा पुरावा नव्हे, तो अर्धवट पायथनही छापतं.

पुढे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजांसाठी वेगळा कप्पा, करून पायआयसीयू मागवलं. लिनक्ससाठी ते तयार बांधलेलं मिळत नव्हतं, सोर्स येऊन आपल्याच मशीनवर बांधलं जातं. तिथे ‘पीकेजी-कॉन्फिग’ बसवा असा स्पष्ट संदेश आला. असा संदेश लिहिणाऱ्याचे आभार मानावेसे वाटतात, काय नाही आणि काय करा हे एकाच वाक्यात. ते आणि आयसीयूचं डेव्ह पॅकेज बसवलं आणि पायआयसीयू बांधलं गेलं. आयसीयूची आवृत्ती विचारली तर ७०.१ म्हणालं, उबुंटू २२.०४ मध्ये तीच आहे. क्रम लावताना भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, सांगायला विसरायचं नाही, कारण भाषा न सांगितल्यास आयसीयूच्या सर्वसाधारण क्रमातही ळ हा ल च्याच पाठोपाठ येतो. एमआर सांगितल्यावर यादी आली: खलबत्ता, खवणी, खसखस, खळं. सरांनी ‘क’पासून ‘घ’पर्यंतची पानं एकेका ओळीवर बोट ठेवत तपासली.

पुढे लॅपटॉप उबुंटू २४.०४ वर गेला आणि पुन्हा फोन आला. होममधलं पायथन नीट सुरू होत होतं, पण आयसीयू म्हटलं की ‘लिबआयसीयू-आय-१८-एन डॉट एसओ डॉट ७०’ ही फाइल उघडता येत नाही. २४.०४ मध्ये आयसीयूची आवृत्ती ७४ आहे. आयसीयू दर मोठ्या आवृत्तीला फाइलीच्या नावातला आकडा बदलतं, ७० वर बांधलेलं ७४ वर चालत नाही. ओपन-एसएसएलचा आकडा मात्र दोन्ही उबुंटूंत ३ च आहे, लिबएफएफआयचा ८. म्हणून पायथन शाबूत राहिलं आणि फक्त आयसीयू अडकलं. पायआयसीयूच्या डॉट एसओ फाइलीवर, तिला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारं ‘एलडीडी’ चालवायला सांगितलं, तर बरोबर त्याच नावांपुढे ‘नॉट फाउंड’.

सरांनी पायआयसीयू काढून पुन्हा बसवलं. बसलं, क्षणात बसलं, आणि तीच चूक पुन्हा.

“क्षणात कसं बसलं, सर? मागे बांधायला बराच वेळ लागला होता.”

“तेच म्हणतो मी. आणि वर ‘यूझिंग कॅश्ड’ असं काहीतरी आहे.”

तिथेच उत्तर होतं. पिप एकदा बांधलेलं पॅकेज स्वतःकडे जपून ठेवतं. पायथन तेच, पॅकेजची आवृत्ती तीच, म्हणून त्याने ७० वर बांधलेली जुनी प्रत काढून दिली. खालची आयसीयू बदलली आहे हे पिपला कळायला मार्ग नाही. ‘पिप कॅश रिमूव्ह पायआयसीयू’ म्हणून ती प्रत काढली, पुन्हा बसवायला सांगितलं, या वेळी रीतसर बांधणी झाली आणि आकडा आला ७४.२. प्रूफं त्याच दिवशी छापखान्यात द्यायची होती, ती गेली.

नंतर निवांतपणे दुसरा विचार केला. २४.०४ चं स्वतःचं पायथन ३.१२ च आहे, आणि त्याच्यासाठी आयसीयूचं तयार पॅकेज भांडारात आहे. पिपने थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये काही घालायला गेलं तर २४.०४ ते नाकारतं, ‘हे पायथन बाहेरून सांभाळलं जातं’ असं सांगून, आणि हा बंदोबस्त मला फार योग्य वाटतो. त्यामुळे आयसीयू ॲप्टकडून घेतलं आणि सिस्टिमची पॅकेजं दिसतील अशी नवी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बांधली. यापुढे उबुंटू आयसीयू बदलेल तेव्हा त्याच्याशी जुळणारं पॅकेजही तेच देईल. होममधलं पायथन काढायला या वेळी ‘ऑप्ट’ फोल्डर पुसलं आणि ‘बॅशआरसी’मधली पाथची एक ओळ काढली, बस. सर सध्या ‘प’वर आहेत.